विकास आराखड्यावर हरकत कशी नोंदवावी? इंदूरचा दाखला

शेजारच्या मोकळ्या भूखंडावर बहुमजली इमारतीचे खोदकाम सुरू झाले की रहिवासी तक्रार घेऊन नगरनियोजन कार्यालयात धाव घेतात. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. ब्रिटनमध्ये बांधकामाचा अर्ज आला की आसपासच्या रहिवाशांचे म्हणणे मागवले जाते. आपल्याकडे एकेका बांधकाम परवान्यासाठी सर्वसाधारणपणे तशी पद्धत नाही. जमिनीचा वापर ठरतो तो विकास आराखड्यात, आणि नागरिकांचे म्हणणे ऐकण्याचे कायदेशीर बंधनही तेथेच असते. ही प्रक्रिया कशी चालते, हे मध्य प्रदेशातील इंदूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

होळकरांच्या या नगरीला नियोजनाची जुनी परंपरा आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये इंदूर दरबाराला आपला अहवाल सादर केला. सरळ रस्त्यासाठी वस्तीवर सरसकट नांगर फिरवण्यास त्यांचा विरोध होता. प्लेगच्या त्या काळात त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली आणि जेथील रहिवासी अधिकाधिक घरे स्वच्छ व दुरुस्त करतील, त्या रस्त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले. लोकांना सामील करून घेतल्याविना नगररचना होत नाही, हा त्यामागील विचार होता.

कायद्यातील मुदती

आज इंदूरला मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ लागू आहे. येथे ‘निवेश’ म्हणजे गुंतवणूक नव्हे, नियोजन. आणि नोटिशीतील हिंदी ‘आपत्ति’ म्हणजे संकट नव्हे, हरकत. कलम १८ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. त्यानंतर लोकप्रतिनिधींचा समावेश असलेली समिती हरकतदारांना म्हणणे मांडण्याची संधी देते. शासनाने मंजुरीच्या वेळी आराखड्यात बदल सुचवल्यास त्यावरही हरकती मागवाव्या लागतात.

इंदूरचा ‘२०२१’चा आराखडा १ जानेवारी २००८ पासून अमलात आला. लक्ष्यवर्ष उलटले म्हणून आराखडा आपोआप संपत नाही. नवा मंजूर होईपर्यंत जुनाच चालतो. मधल्या काळात कलम २३-अ अन्वये त्यात फेरबदल करता येतात. त्याची सूचना दैनिकांत प्रसिद्ध होते व हरकतीसाठी अवघे १५ दिवस मिळतात. नागरिकांच्या नजरेतून निसटतात त्या बहुधा याच छोट्या जाहिराती.

हरकत कशी लिहावी

‘प्रकल्प रद्द करा’ एवढेच लिहिलेला अर्ज सहज फेटाळला जातो. हरकतीत पाच गोष्टी असाव्यात: सूचनेचा क्रमांक व दिनांक; जमिनीचा खसरा क्रमांक; सध्याचा व प्रस्तावित वापर; बाध येणारा नियम अथवा वस्तुस्थिती; आणि नेमकी मागणी. उदाहरणार्थ, इंदूरच्या सिरपूर तलावाला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्यालगतच्या जमिनीबाबत ‘पर्यावरण वाचवा’ असे लिहिण्यापेक्षा हा दर्जा, २०१७ चे पाणथळ भूमी नियम आणि पावसाळ्यात पाणी कोठवर चढते याची छायाचित्रे अधिक परिणामकारक ठरतात.

सुनावणीची मागणी अर्जातच करावी. अर्ज मुदतीत देऊन दिनांकासह पोच घ्यावी. शंभर सह्यांच्या एकाच मजकुरापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे दहा अर्ज उपयोगी पडतात, कारण प्रत्येक मुद्द्याचा विचार व्हावा लागतो. निर्णयाची कारणे कळली नाहीत तर माहिती अधिकारात नस्तीची प्रत मागावी. उच्च न्यायालय साधारणतः नियोजनाच्या गुणदोषांत शिरत नाही, प्रक्रिया पाळली गेली की नाही हे पाहते. त्या वेळी ही पोचच कामी येते.

गोव्यासाठी बोध

गोव्याचा नगर व ग्राम नियोजन कायदा १९७४ चा. खसरा क्रमांकाऐवजी येथे सर्व्हे क्रमांक, उपविभाग आणि एक-चौदाचा उतारा जोडावा लागतो. बाकी रीत तीच. लोकक्षोभामुळे २००७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ मागे घेतला गेला, हे गोमंतकीयांच्या स्मरणात आहे. परंतु प्रत्येक सर्व्हे क्रमांकासाठी आंदोलन उभे राहत नाही. २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९-अ खाली एकेका भूखंडाच्या क्षेत्रबदलाच्या सूचना राजपत्रात प्रसिद्ध होऊ लागल्या, त्यांवर सूचनांसाठी मुदत होती ३० दिवसांची. ग्रामसभेने किंवा गावातील एखाद्या मंडळाने राजपत्र व दैनिकांतील जाहीर सूचना दर आठवड्याला वाचण्याचे काम एका व्यक्तीकडे सोपवले, तर खोदकाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी गावाला आपले म्हणणे मांडता येईल.