मूक पडद्यावरची मोहिनी : कमलाबाई गोखले

आजचा भाग मी सवमधून रेकॉर्ड करतोय, आमच्या गावच्या घरातून. महाडजवळ, सावित्रीच्या काठावर, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. मागून कोंबड्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

एरवी मी पुण्यात बसून कोड लिहितो. इतिहास हा माझा विषय नाही, नाद आहे. आणि आजचा विषय मला आत्याने दिला. रात्री जेवताना ती जुन्या गोष्टी सांगत होती. पूर्वी गावात पूजेला नाटक बसायचं, मुंबईचे चाकरमानी खास रजा काढून यायचे. तालीम आमच्याच पडवीत. आत्याला सगळ्यांचे संवाद पाठ! पण तिने काम करायचा विषयच नव्हता. आधी आळीतलेच एक काका लुगडं नेसून नायिका व्हायचे. नंतर मुंबईहून पैसे देऊन नटी आणायला लागले. ती आमच्याच घरी जेवली, पण तिचं पान बाहेर ओटीवर मांडलं होतं.

हे ऐकलं आणि मला १९१३ साल आठवलं.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती हवी होती. जाहिरात दिली, खूप शोधलं, पण बाई मिळाली नाही. शेवटी मुंबईत हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात सिनेमा लागला. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता, दोन्ही कामं केली.

आता एक गंमत बघा. त्याच १९१३ साली बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या शालूची, दागिन्यांची, चालण्या-बोलण्याची चांगल्या घरच्या बायका नक्कल करायच्या. म्हणजे बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुषाला डोक्यावर घेतलं जायचं, आणि खरी बाई स्टेजवर आली की तिचं नाव खराब!

फाळक्यांना बाई सापडली ती त्यांच्या दुसऱ्या सिनेमासाठी, 'मोहिनी भस्मासुर'साठी. खरं तर दोघी सापडल्या, मायलेकी. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला झाली मोहिनी. कमला तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. आपल्याकडे आठवीतली मुलगी असते ना, तेवढी.

या दोघी तयार कशा झाल्या? कारण त्या आधीच 'बाहेर' पडल्या होत्या. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या. लेकीला घेऊन फिरत्या नाटक कंपनीत शिरल्या होत्या. लोक जे काही बोलणार होते, ते बोलून झालं होतं. कमला तर चार वर्षांची असल्यापासून रंगमंचावर. त्यामुळे मला वाटतं, फाळक्यांना बाई मिळत नव्हती याचा अर्थ अभिनय येणाऱ्या बायकाच नव्हत्या असा नाही. हो म्हणायची किंमत इतकी मोठी होती की ज्यांनी ती आधीच मोजली होती, त्यांनाच हो म्हणणं परवडलं.

आणि भूमिका कोणती? मोहिनी! पुराणात विष्णू बाईचं रूप घेतो, भस्मासुराला आपल्यासारखं नाचायला लावतो आणि त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेववतो. म्हणजे आपल्या सिनेमातल्या पहिल्या नायिकेला मिळालं ते बाई झालेल्या देवाचं काम.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. कमला संगीत नाटकाच्या जगातली. तिथे सगळी कमाई गळ्यावर आणि संवादावर. सिनेमाने तिच्याकडून नेमकं तेच काढून घेतलं. हाताने फिरवायचा कॅमेरा, उजेड सूर्याचा, आवाज नाहीच. फक्त चेहरा, हात, चाल. संवाद पाट्यांवर लिहून यायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर कायम म्यूटवर असलेली रील.

मग पुढे ती स्टार झाली का? नाही. मूकपटांच्या काळात मोठं नाव झालं सुलोचनाचं, म्हणजे रूबी मायर्सचं. ती पुण्यात जन्मलेली ज्यू मुलगी, आधी टेलिफोन ऑपरेटर होती. त्या काळातल्या बऱ्याच नायिका अशा ज्यू किंवा अँग्लो-इंडियन होत्या. आपल्याकडच्या घरांची दारं अजून बंदच होती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० च्या 'सैरंध्री'मध्ये गुलाबबाई आणि अनसूयाबाईंना घेतलं, त्यांनाही लोकांचं बोलणं चुकलं नाही.

कमला नाटकाकडे परतली. रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं, ते स्वतः नाटकवाले. पण ते लवकर गेले. कमलाबाई तेव्हा पंचविशीच्या आसपास, पदरात लहान मुलं. घर चालवायचं तर काम हवं, आणि येत असलेलं काम एकच. स्त्रियांच्या नाटक मंडळीत त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. एकेकाळी पुरुष त्यांची कामं करायचे, आता त्या पुरुषांची करत होत्या.

१९३१ ला 'आलम आरा' आला, सिनेमा बोलू लागला. मूकपटातल्या अनेक नट्यांची पंचाईत झाली. सुलोचनालासुद्धा काम थांबवून हिंदुस्थानी शिकावी लागली. कमलाबाईंकडे मात्र आवाज होताच. त्यांनी बोलपटांत कामं केली, आणि करतच राहिल्या. त्यांचा शेवटचा सिनेमा 'गहराई', १९८० चा. म्हणजे पहिल्या सिनेमापासून ६७ वर्षं! मुलगा चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. ही नावं तुम्हाला माहीत आहेत, आजीचं कदाचित नसेल.

आता वाईट भाग. 'मोहिनी भस्मासुर' आज बघायला मिळत नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, पटकन पेटणारी, कुजणारी. कित्येक रिळं तर चांदी काढायला वितळवली गेली. फाळक्यांच्या मुलीचा, मंदाकिनीचा, १९१९ चा 'कालियामर्दन' मोबाइलवर सापडतो. कमलाबाईंचा नाच नाही. आमच्या कामात बॅकअप नसलेला डेटा म्हणजे नसलेलाच डेटा. पण रीना मोहन यांनी त्यांच्या म्हातारपणी 'कमलाबाई' हा माहितीपट केला. त्यात पुण्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या आजी दिसतात, गातात, संवाद म्हणून दाखवतात, मध्येच दिग्दर्शिकेलाच दटावतात. नक्की शोधून बघा. कमलाबाई आता आपल्यात नाहीत.

एक शेवटची नोंद. १९१३ ला तारामती पुरुष होता. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त तीच तारामती दुर्गा खोटे झाल्या, प्रतिष्ठित घरातल्या, कॉलेजात शिकलेल्या. मधली १९ वर्षं ज्यांनी बोलणी खाल्ली, त्यांच्या जिवावर ते दार उघडलं.

जेवण झाल्यावर आत्याला मी हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "आपल्याकडे यायची त्या नटीचं नाव काय रे होतं?"

तिला आठवेना. घरात कुणालाच आठवेना. नाटकातल्या नायिकेचं नाव मात्र सगळ्यांना पाठ होतं.

तुमच्या गावातल्या नाटकात कोण यायचं? घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि नाव मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवतो. चला, भेटू!