लोलकाने होणारे प्रकाशाचे अपस्करण

अपस्करण : पांढऱ्या प्रकाशाचा किरण काचेच्या त्रिकोणी लोलकातून गेला की पायाच्या बाजूला वळतो आणि त्यातले रंग वेगवेगळ्या कोनांतून सुटे होऊन बाहेर पडतात. या घटनेला अपस्करण म्हणतात आणि पडद्यावर उमटणाऱ्या रंगीत पट्ट्याला वर्णपट. तांबडा सर्वांत कमी वळतो, जांभळा सर्वांत जास्त. शाळेत पाठ केलेला ‘तानापिहिनिपाजा’ हा वळण्याचा चढता क्रम आहे.

निर्वातात सर्व रंग सारख्याच वेगाने, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, धावतात. काचेत हा वेग घटतो. पण सर्वांचा सारखा घटत नाही. काचेतल्या अणूंना बांधलेल्या इलेक्ट्रॉनांची स्वाभाविक कंप्रता अतिनील भागात असते. येणाऱ्या प्रकाशाची कंप्रता तिच्या जितकी जवळ, तितके इलेक्ट्रॉन जोराने हलतात आणि तितका प्रकाश मंदावतो. जांभळा तांबड्यापेक्षा तिच्या अधिक जवळ असल्याने तो जास्त मंदावतो आणि जास्त वळतो. प्रकाशीय उपकरणांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका क्राउन काचेचा अपवर्तनांक (निर्वातातला वेग भागिले काचेतला वेग) ६५६ नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशासाठी १.५१४, तर ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्यासाठी १.५३० आहे.

फरक एवढासाच असल्याने रंगही थोडेच फाकतात. ६० अंशांच्या लोलकात या दोन रंगांचे लघुतम विचलन, म्हणजे कमीत कमी वळण, अनुक्रमे सुमारे ३८.४ आणि ३९.८ अंश येते. म्हणजे अंतर दीड अंशाहूनही कमी. ३ मीटरवरच्या पडद्यावर त्यांच्यात जेमतेम ७ सेंटिमीटरचे अंतर पडेल. पुस्तकांतल्या आकृत्यांत लोलकातून निघालेला रुंद रंगीत पंखा समजुतीसाठी बराच फुगवलेला असतो. प्रयोग करणाऱ्याने फट अरुंद ठेवावी आणि पडदा दूर न्यावा. झोत रुंद असला तर रंग एकमेकांवर पडतात, मधला भाग पांढराच राहतो आणि फक्त कडा रंगीत दिसतात.

खिडकीच्या सपाट काचेतही रंग वेगवेगळे वळतात. पण तिचे दोन्ही पृष्ठभाग समांतर असल्याने पहिल्यावरचे वळण दुसऱ्यावर उलटे होते आणि सर्व रंग पुन्हा मूळच्या दिशेने निघतात. लोलकाचे पृष्ठभाग एकमेकांशी कोन करतात, त्यामुळे दुसरे वळण पहिल्यात भर घालते.

लोलकातले रंग न्यूटनच्या आधीही लोकांनी पाहिले होते. काचेतून जाताना पांढऱ्या प्रकाशात बदल होतो आणि त्यातून रंग निर्माण होतात, अशी तेव्हाची समजूत होती. देकार्त आणि हूक यांची मतेही त्याच वळणाची होती. न्यूटनने १६७२ मध्ये रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात आपले प्रयोग मांडले. अंधाऱ्या खोलीच्या झडपेला पाव इंचाचे भोक, त्याशी लोलक आणि २२ फुटांवर भिंत. अपवर्तनाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे सूर्याची प्रतिमा गोल पडायला हवी होती. ती पडली १३¼ इंच लांब आणि २⅝ इंच रुंद. रंग सगळ्यांनाच दिसत होते. न्यूटनने लांबी मोजली आणि ती अशी का, हे विचारले. या शोधाचे खरे मोठेपण या प्रश्नात आहे.

उत्तरासाठी त्याने भोके पाडलेल्या दोन फळ्यांमधून वर्णपटातला एकेकच रंग दुसऱ्या, स्थिर लोलकावर सोडला. पहिल्या लोलकात कमी वळलेला तांबडा दुसऱ्यातही कमीच वळला, जास्त वळलेला प्रकाश जास्तच वळला आणि नवा रंग उमटला नाही. वेगळे झालेले रंग भिंगाने एकत्र आणल्यावर पुन्हा पांढरा प्रकाश मिळाला. काच रंग घालत नाही. प्रकाशात आधीच असलेले रंग ती वेगळे करते, हे यातून सिद्ध झाले. ‘ऑप्टिक्स’ हा त्याचा ग्रंथ १७०४ मध्ये निघाला. वर्णपटातल्या रंगांची सात ही संख्या मात्र निसर्गाने ठरवलेली नाही. न्यूटनने आधी पाच मुख्य रंग मानले होते, संगीतातल्या सात स्वरांशी मेळ घालताना त्यात नारंगी आणि पारवा आले. वर्णपट सलग असतो, त्यात कुठेही सीमारेषा नसते.

१८०० मध्ये विल्यम हर्शेलला तांबड्यापलीकडे ठेवलेल्या तापमापीत उष्णता जाणवली आणि अवरक्त प्रारणाचा शोध लागला. १८१४ मध्ये फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटातल्या शेकडो काळ्या रेषांची नोंद केली. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, हे किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८६० च्या सुमारास दाखवले आणि दूरच्या ताऱ्यात काय आहे हे पृथ्वीवरून सांगता येऊ लागले.

अशाच एका रेषेवरून ओळखलेल्या हीलियम या मूलद्रव्याचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, असे महाराष्ट्रात बरेचदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सनने गुंटूरहून निरीक्षणे केली, तर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून सूर्याच्या कडेची पिवळी रेषा तपासली. ती सोडियमची नव्हती; हीलियमची निघाली. विजयदुर्गला लॉकियर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, लोलक बसवलेले कॅमेरे घेऊन. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीला पृथ्वीवरच्या खनिजात हीलियम सापडून तीन वर्षे होत आली होती.