पिंपरीचं पेनिसिलिन, चाकणचं खरकटं आणि डुकराचं आतडं



गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारलं, "दूध तोडलं की चार दिवसांत पिल्लांना हगवण लागते. कोणती पावडर देऊ?" हाच प्रश्न मी २०१९ साली विचारत फिरत होतो. उत्तर कळेपर्यंत एका वेताची अकरापैकी सहा पिल्लं गेली. म्हणून आज नुसतं औषधाचं नाव न सांगता थोडा इतिहास सांगतो. या इतिहासाचा एक धागा आपल्या पिंपरीतूनच जातो.

आधी जुनी पद्धत बघू. गावातलं डुक्कर उकिरड्यावर, ओढ्याकाठी फिरून पोट भरायचं. गोव्यात तर जुन्या घरांत शौचकूप आणि डुकराची जागा जोडूनच असे. त्यात मोठा धोका होता. माणसाच्या पोटातल्या पट्टकृमीची अंडी मैल्यातून डुकरात जायची आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून तो कृमी परत माणसात यायचा. पण एक गोष्ट त्या पद्धतीत बरी होती. पिल्लं दोन-तीन महिने आईमागे फिरत, दूध पीत पीत मुळं, पाला, दाणे चघळायला शिकत. एका दिवसात दूध बंद आणि खुराक सुरू, असं नव्हतं.

मग सरकारी वराहपालन आलं. बोरिवलीला बेकन फॅक्टरी झाली, विलायती पांढरी यॉर्कशायर जात आली, डुक्कर उकिरड्यावरून शेडमध्ये आलं. स्वच्छता आली, वजन वाढलं. पण लवकर दूध तोडायची रीतही आली, आणि पिल्लाच्या आतड्याची परीक्षा तिथून सुरू झाली.

आता पिंपरी. चाकणहून मोशी, भोसरी करत पिंपरीला गेलं की जुन्या मुंबई रस्त्याला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना लागतो. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तो उभा राहिला. १९५५ ला तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरी-चिंचवडला आज उद्योगनगरी म्हणतात, पण एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली, म्हणजे हा कारखाना तिच्याही आधीचा. डाळिंबवाल्यांना स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी माहीत आहेच, तीही इथलीच. गरीब माणसाला स्वस्तात औषध मिळावं हा कारखान्याचा हेतू, आणि त्याने किती जीव वाचवले त्याला मोजमाप नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळंच घडत होतं. ही औषधं मोठ्या टाक्यांत बुरशी किंवा जंतू आंबवून करतात. १९४८ ते ५० च्या दरम्यान जूक्स आणि स्टॉकस्टॅड या दोन शास्त्रज्ञांनी ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर उरलेला चोथा कोंबड्यांना घातला. ते शोधत होते बी-१२ जीवनसत्त्व. पण कोंबड्या अपेक्षेपेक्षा जास्त वाढल्या, कारण चोथ्यात थोडं औषध राहिलं होतं. पुढे डुकरांवरही तेच दिसलं. मग जगभर खुराकात चिमूटभर अँटिबायोटिक मिसळायची चाल पडली. रोग असो वा नसो, रोज.

त्या चिमटीने नेमकं काय केलं? माझ्या मते तिने खुराकातल्या चुका झाकल्या. हे कळायला आतडं समजून घ्यावं लागतं.

पिल्लाच्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्न शोषायचं काम तिचं. दूध तुटल्यावर पिल्लू एक-दोन दिवस नीट खात नाही आणि ही लव झडून आखूड होते. नंतर भूक लागली की ते एकदम हावरटासारखं खातं. त्याच्या पोटात आम्ल अजून कमी असतं, त्यामुळे जंतू पोटात मरत नाहीत आणि प्रथिनंही पुरती पचत नाहीत. न पचलेलं प्रथिन पुढे सरकलं की ते ई. कोलाय जंतूंचं जेवण होतं. त्यातल्या काही जाती आतड्याला चिकटून विष सोडतात, अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं आणि पिवळी पातळ हगवण लागते. पिल्लू मरतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आटल्यामुळे.

माझ्याकडे हेच झालं होतं. मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, पावडर बदलून द्या, ही लागू पडत नाही." ते म्हणाले, "काका, पावडर राहू द्या. आधी काय खायला घालता ते दाखवा." मेलेलं पिल्लू त्यांनी फाडून दाखवलं. पोट न पचलेल्या भरड्याने गच्च, आतडं पाण्याने फुगलेलं. भरडा होता माझ्याच शेतातल्या कच्च्या सोयाबीनचा. घरचं आहे, ताकद येईल म्हणून घातलं होतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारा घटक असतो, तो नीट भाजल्या-शिजवल्याशिवाय जात नाही. चूक माझी होती आणि मी दोष पावडरीला देत होतो. पावडरीचा डबाही त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. कोलिस्टिन.

हे कोलिस्टिन दवाखान्यात, दुसरं काही चालत नाही तेव्हा माणसाला देतात. २०१५ साली चीनमध्ये डुकरांत आणि माणसांत असा जनुक सापडला की ज्याने जंतू कोलिस्टिनला दाद देत नाहीत, आणि तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातो. जुलै २०१९ मध्ये आपल्या सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली.

परदेशात ही जाग आधी आली होती. १९६९ ला ब्रिटनच्या स्वान समितीने सांगितलं, माणसाच्या उपचाराची औषधं वाढीसाठी खुराकात घालू नका. १९८६ ला स्वीडनने वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली. सुरुवातीला तिथे दूध तुटलेल्या पिल्लांत हगवण वाढली, मरही वाढली. मग तिथल्या शेतकऱ्यांनी खुराकातलं प्रथिन कमी केलं, दूध उशिरा तोडलं, खाली पेंढा घातला, वेगवेगळ्या वयाची पिल्लं एकत्र करणं थांबवलं. हळूहळू गाडी रुळावर आली. २००६ ला सगळ्या युरोपीय संघात बंदी आली. २०२२ ला औषध म्हणून दिलं जाणारं जास्त मात्रेचं झिंक ऑक्साइडही तिथे बंद झालं. म्हणजे पावडर काढली की खाणं आणि राहणं सुधारावंच लागतं.

आता आपल्या चाकण पट्ट्याचा प्रश्न, कंपन्यांच्या कँटीनचं खरकटं. स्वस्त पडतं म्हणून मीही पिंपं भरून आणायचो. पण त्यात भात, पोळी, तेल, मीठ जास्त आणि कामाचं प्रथिन कमी. उन्हाळ्यात दुपारपर्यंत पिंप फसफसतं. मीठ जास्त आणि पाणी कमी पडलं तर डुकराला झटके येतात. त्यात मांसाचे तुकडे आले तर धोका आणखी मोठा. २००१ साली ब्रिटनमध्ये खरकटं घालणाऱ्या एका वराहपालनातून लाळ्या-खुरकूत पसरला आणि साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आसाम-अरुणाचलमध्ये आला. त्याच्यावर औषध नाही, आणि तो न शिजवलेल्या खरकट्यातूनही पसरतो.

आता मी असं करतो:

१. दूध तोडायच्या दोन आठवडे आधीपासून पिल्लांना थोडा थोडा कोरडा खुराक चाखवतो. २८ दिवसांऐवजी सहा आठवड्यांनी तोडतो.
२. त्यानंतर पहिले दोन आठवडे प्रथिन १८ टक्क्यांच्या आसपास, सोबत लायसिन. सोयाबीन पेंड चालते, कच्चं सोयाबीन नाही. चुनखडी बेताची, कारण ती पोटातलं आम्ल मारते.
३. मका पिठासारखा न दळता थोडा भरड. सोबत गव्हाचा थोडा कोंडा.
४. खरकटं फक्त मोठ्या जनावरांना. मांसाचं घेतच नाही. उरलेलं ९० अंशांवर तासभर, सतत ढवळत शिजवून, त्याच दिवशी.
५. हगवण दिसली की आधी मीठ-साखरेचं पाणी आणि डॉक्टरांना फोन. अँटिबायोटिक त्यांनी लिहून दिलं तरच.

मागच्या दोन वेतांत हगवण झाली, पण पिल्लू एकही गेलं नाही. सहा आठवड्यांमुळे वर्षाचं गणित थोडं मागे पडतं, मादी उशिरा फळते, ते मान्य आहे. पण मेलेल्या सहा पिल्लांचा हिशोब मांडला तर मला हेच परवडतं.

ज्या वाचकाने विचारलं त्यांना एवढंच सांगतो. दादा, पावडरचं नाव सांगण्याआधी मला तुमच्या खुराकाचं प्रमाण आणि दूध तोडायचा दिवस लिहून पाठवा. आणि डब्यावर काय लिहिलंय ते आज एकदा वाचा.