शारदाबाईंचे शरदराव

आपल्या मंडळात राजकारणाचा विषय निघाला की दोन तट पडतात, आणि शरदराव पवारांचे नाव निघाले तर चहा निवेपर्यंत वाद चालतो. म्हणून भगिनींनो, पक्ष कोणता बरा हे मी येथे लिहीत नाही. एवढ्या लांबलचक कारकीर्दीत आपणा बायकांच्या वाट्याला काय आले, तेवढेच पाहावयाचे आहे.

तसे पाहू गेले तर आरंभ त्यांच्या आईपासूनच करावा लागतो. बारामतीजवळच्या काटेवाडीच्या शारदाबाई पवार १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. त्या काळी खेड्यातील सुनेने चावडीवरून जाताना पदर सावरून जावे, अशी रीत. शरदरावांचा जन्म १२ डिसेंबर १९४० चा. काही दिवसांचे तान्हे मूल कडेवर घेऊन आई बोर्डाच्या सभेला पुण्यास गेली होती, ही आठवण त्यांनीच पुढे सांगितलेली आहे. अकरा मुलांचा संसार, घरची शेती, आणि त्यावर हे बोर्डाचे काम. बाळंतिणीची खोली सोडून सभेला जाणारी बाई आजही लोकांच्या डोळ्यांवर येईल, मग तेव्हाचे काय सांगावे!

घर शेतकरी कामगार पक्षाचे. १९६० साली बारामतीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत थोरले बंधू वसंतराव त्या पक्षाकडून उभे राहिले. धाकटे शरदराव मात्र काँग्रेसचे. सख्ख्या भावाविरुद्ध प्रचार करावयाचा म्हणजे घर मोडण्याचीच वेळ. पण आईने मुलाला आपल्या मताप्रमाणे वागू दिले. वसंतराव हरले, तरी घर मोडले नाही. मला वाटते, मुलाला आपला विचार ठेवू देण्याचे धैर्य पुष्कळ आयांना होत नाही. आपल्या घरी साध्या मताच्या चिठ्ठीवरून काय होते ते आपण जाणतोच.

१९६७ साली ते बारामतीतून आमदार झाले आणि त्याच वर्षी प्रतिभाताईंशी त्यांचा विवाह झाला. प्रतिभाताई म्हणजे कसोटी क्रिकेटपटू सदू शिंदे यांच्या कन्या. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडचे सहा गडी ९१ धावांत बाद करणारे हे गोलंदाज १९५५ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारले. म्हणजे क्रिकेट त्यांच्या घरी आले ते सासरवाडीकडून, असे म्हणावयास हरकत नाही! पतिपत्नी एकाच मुलीवर थांबली. 'वंशाला दिवा' म्हणून त्यांना कोणी टोचून बोलले नसेल, हे मला खरे वाटत नाही.

पुढची पदे सर्वांना ठाऊक आहेत. १९७८ साली सदतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री, एकंदर चार वेळा ते पद, मग संरक्षण खाते, १९९९ साली स्वतःचा पक्ष, २००४ ते २०१४ देशाचे कृषिमंत्री. संरक्षण खाते त्यांच्याकडे असतानाच १९९२ साली मुलींना वैद्यकीय सोडून इतर शाखांतही सैन्याधिकारी होता येऊ लागले.

पण आपल्या दृष्टीने मोठा दिवस २२ जून १९९४. त्यांच्या मुख्यमंत्रीपदाच्या कारकीर्दीत महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले, देशात असे पहिलेच. त्याच दिवसापासून वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबर हिस्सा देणारा कायदाही आपल्या राज्यात लागू झाला. त्यात एक मेख होती. ज्यांचे लग्न त्या तारखेपूर्वी झालेले, त्यांना हा हक्क नव्हता. एकाच आईच्या पोटच्या दोघी, थोरलीला काही नाही आणि धाकटीला वाटा! ही उणीव २००५ सालच्या केंद्राच्या कायद्याने दूर झाली. तरीही राखीला माहेरी गेलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद ठेवला जातोच, आणि माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. तो दोष कायद्याचा नव्हे, आपल्या घरांचा आहे.

त्याच १९९४ सालच्या नोव्हेंबरात नागपूरला विधानसभेवर गोवारींचा मोर्चा आला. पोलिसांचा लाठीमार, चेंगराचेंगरी, आणि ११४ जीव गेले. त्यांत बायका व मुलेच अधिक. महिला धोरण काढणारे सरकारच तेव्हा गादीवर होते. हे लिहिल्यावाचून शरदरावांचा वृत्तान्त पुरा होत नाही.

आता खेळ. कबड्डी, खोखो, कुस्ती या आपल्या मातीतल्या खेळांच्या संस्थांतही त्यांनी वर्षानुवर्षे लक्ष घातले. २००४ साली क्रिकेट नियामक मंडळाची निवडणूक ते अध्यक्षांच्या जादा मताने हरले, पुढच्याच वर्षी जिंकले. २०१० ते २०१२ आंतरराष्ट्रीय परिषदेचेही अध्यक्ष होते. शेतकरी गळफास घेत असताना कृषिमंत्र्यांना क्रिकेटला वेळ कसा मिळतो, असे लोक विचारीत, आणि ते विचारणे अगदीच गैर होते असे मला म्हणवत नाही.

मात्र त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात, २००६ साली, बायकांचे क्रिकेट नियामक मंडळाकडे आले. आंतरराष्ट्रीय परिषदेचा तसा आग्रह होता, तेव्हा सारे श्रेय एकट्याचे नव्हे. तोवर बायकांची संघटना निराळी आणि कायम पैशाच्या ओढग्रस्तीत. डायना एडलजींच्या पिढीच्या मुली बिनराखीव डब्यातून प्रवास करून देशासाठी खेळल्या. मंडळाकडे आल्यावरही सगळे एकदम सुधारले नाही. वार्षिक करार मिळावयास २०१५ साल उजाडले, आणि पुरुषांइतके सामन्याचे मानधन २०२२ साली जाहीर झाले.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाची उपकर्णधार सांगलीत वाढलेली स्मृती मानधना. २००६ साली ती दहा वर्षांची होती.