तळघरातली घंटा

'स्मार्ट बिल्डिंग' म्हटलं की डोळ्यांपुढे विमानतळ येतात, नाहीतर हिंजवडीतल्या काचेच्या इमारती. या विद्येची एक मोठी सुरुवात मात्र एका शिक्षकाने, शाळेतच केली आहे. स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा हीच गोष्ट सांगावीशी वाटली.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. तिथल्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयात, वॉरन जॉन्सन शिकवत. हिवाळा कडक. भट्टी तळघरात आणि गरम हवेच्या झडपाही तिथेच. कुठल्या वर्गात किती ऊब आहे हे पाहायला शिपाई वर येई, तास चालू असताना वर्गात शिरे, तापमान बघे आणि पुन्हा खाली जाऊन झडप फिरवी. जॉन्सन सरांना हा व्यत्यय खटके. (आपल्याकडे शिपाईमामा नोटीस घेऊन आले की आपल्याला आनंदच व्हायचा, ती गोष्ट वेगळी.)

त्यांनी विजेवर चालणारं उपकरण तयार केलं. वर्गातलं तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तळघरात घंटा वाजे. 'इलेक्ट्रिक टेलिथर्मोस्कोप' या नावाने १८८३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. १८८५ मध्ये मिलवॉकीला कंपनी निघाली, तीच आजची जॉन्सन कंट्रोल्स. पुढे १८९५ च्या पेटंटमध्ये खोलीखोलीचं तापमान आपोआप राखण्याची सोय आली.

इंजिनिअर म्हणून मला ती पहिली घंटाच जास्त आवडते. तिने शिपायाच्या खेपा वाचवल्या, पण काम त्याच्याच हाती ठेवलं. ज्याच्या हातात झडप, त्यालाच खबर. हल्ली मी पाहिलेल्या कितीतरी यंत्रणांत टाकी रिकामी झाल्याचा निरोप संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर जातो आणि पंपाशी उभ्या माणसाला काहीच कळत नाही.

हे आत्ता लिहिण्याचं कारण, आपल्या बॅचच्या निधीतून शाळा आणि वसतिगृह 'स्मार्ट' करायचं घाटतंय. यादीत चेहरा ओळखणारी हजेरी सर्वांत वर आहे आणि पाण्याची टाकी सर्वांत खाली. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच आणि पातळी दाखवणारे दिवे आधी बसवूया, तेही पंपाच्या खोलीत, मामांना दिसतील असे आणि इंटरनेट नसतानाही चालणारे. मुलांचे चेहरे कुणाच्या सर्व्हरवर आणि किती वर्षं राहणार, हे लेखी मिळेपर्यंत हजेरीपट पुरे. शिवाय सगळा निधी खरेदीत घालवू नये. तिसऱ्या वर्षी सेन्सर बिघडला की दुरुस्तीला पैसे लागतातच.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वसतिगृहाच्या पंपाच्या खोलीत जाणार आहे. कोटेशन मागवण्याआधी मामांशी तासभर बोलायचंय. कुणाला यायचं असेल तर या.