गव्हाणीतलं बाळ आणि 'जरा सरकून घ्या'

नाताळ दोन दिवसांवर आलाय. बाजारपेठेत लाल टोप्या आल्यात, केकची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी आहेत. शाळांच्या गॅदरिंगमध्ये कापसाची दाढी लावलेला एक तरी पोरगा दिसतोच. पोरं खूश आहेत, चांगलंच आहे. आपल्या गावात दुसऱ्याच्या सणात आनंद मानणारी माणसं अजून आहेत, हे मला बरं वाटतं.

पण परवा चहाच्या टपरीवर एकाने सहज विचारलं, "नाताळ म्हणजे सांताक्लॉजचा वाढदिवस ना?" सगळे हसले. मला मात्र वाटलं, यावर नीट लिहायला हवं. मी धर्मोपदेशक नाही, बातम्या देणारा माणूस आहे. तेव्हा इतिहासातून जेवढं हाताला लागलं तेवढं सांगतो.

सुरुवात सांतापासूनच करू. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते. त्यांच्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका हुंड्याची आहे. एका गरीब बापाला तीन मुली होत्या. हुंड्याला पैसा नव्हता आणि मुली विकायची वेळ आली होती. निकोलसने रात्रीच्या अंधारात, कोणाला कळू न देता, त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. नाताळच्या गुपचूप भेटवस्तूंचं मूळ या गोष्टीत आहे. पुढे डच लोकांचा 'सिंटरक्लास' अमेरिकेत जाऊन सांताक्लॉज झाला. १८६३ मध्ये थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला 'हार्पर्स वीकली'त आणलं आणि १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी तो जगभर पोचवला. (लाल कोट कोका-कोलाने दिला असा मेसेज दरवर्षी फिरतो. तो खरा नाही, लाल कोट त्याच्या आधीपासून होता.) या प्रवासात थैली राहिली, पण ती कोणासाठी होती हे आपण विसरलो.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. लूकच्या शुभवर्तमानात ती अगदी थोडक्यात आहे. रोमन सम्राट ऑगस्टसने नावनोंदणीचा हुकूम काढला. नोंदणी आपापल्या मूळ गावी करायची. म्हणून नासरेथचा सुतार योसेफ गरोदर मरियेला घेऊन शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या बेथलेहेमला निघाला. सरकारी कागदासाठी दिवस भरत आलेल्या बाईला घेऊन गावाकडे जायचं, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. तिथे बाळ झालं आणि त्याला गव्हाणीत ठेवलं, कारण आत जागा नव्हती.

आपण नाटकांत बघतो तो दार लावून घेणारा निर्दयी धर्मशाळावाला मूळ ग्रंथात कुठेच नाही. ज्या जागेचं भाषांतर पुष्कळदा 'धर्मशाळा' किंवा 'उतारशाळा' असं होतं, तिथे मूळ ग्रीक शब्द 'काताल्यूमा' आहे. लूकनेच येशूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी हाच शब्द वापरलाय. जखमी वाटसरूला उचलून नेणाऱ्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीत मात्र धर्मशाळेसाठी त्याने वेगळा शब्द घेतलाय. त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की ही घरातली पाहुण्यांची खोली असावी. ती आधीच भरलेली होती. त्या काळी तिकडे एकाच घरात एका बाजूला माणसं आणि थोड्या खालच्या भागात जनावरं असत. आपल्याकडच्या जुन्या घरांतही एका अंगाला बैल बांधलेले असायचेच की.

हे वाचन धरलं तर गोष्ट आपल्या फार जवळ येते. घर गच्च भरलेलं आहे, तरी कोणीतरी म्हणालं असेल, "या, जरा सरकून घेऊ." एसटीत तीनच्या सीटवर चौथ्याला बसवताना आपण म्हणतो तसं. खोली मिळाली नाही, गव्हाण मिळाली.

ख्रिस्ती श्रद्धा सांगते की त्या बाळाच्या रूपात देव स्वतः माणूस झाला. त्याला 'इम्मानुएल' म्हणतात, म्हणजे 'आमच्याबरोबर असलेला देव'. लांबून मदत पाठवून न थांबता तो त्या अडचणीत स्वतः राहायला आला. नाताळचा गाभा हा आहे. जन्माची पहिली बातमी मिळाली तीही राजवाड्याला नव्हे, रात्री मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांना.

भेटवस्तूही गोष्टीत आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक सोनं, ऊद आणि गंधरस आणतात. (ते तीनच होते असं कुठे लिहिलेलं नाही.) पण त्याच प्रकरणात पुढे हेरोद राजा लहान मुलांच्या कत्तलीचा हुकूम देतो आणि हे कुटुंब रातोरात मिसर देशात पळून जातं. भेटी मिळालेलं बाळ लगेच निर्वासित होतं. शुभेच्छापत्रावर हा भाग येत नाही.

हा अर्थ विसरला जातोय असं वाटणारे आपणच पहिले नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसने खरी गव्हाण, खरं गवत, बैल आणि गाढव आणून नाताळची प्रार्थना केली. बाळाची ती अडचण लोकांना डोळ्यांनी दिसावी, हा हेतू. आज घरोघरी जो गोठा मांडतात त्याच्या परंपरेला तिथून बळ मिळालं. फ्रान्सिसचं असंही म्हणणं होतं की नाताळला श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावं आणि बैल-गाढवांनाही जास्तीचा चारा द्यावा. बैलपोळा करणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल.

आपल्या भाषेत ही गोष्ट येऊन चारशे वर्षं झाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवीत. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आलं. पुढे कृष्णराव सांगळे, नारायण वामन टिळक यांच्यासारख्यांनी कीर्तन-भजनातून ख्रिस्तकथा सांगितली. ऐकणाऱ्यांत मोठा वर्ग कोणाचा होता? ज्यांना देवळात जागा नव्हती, पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांचा. 'आत जागा नव्हती' हे वाक्य त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार. आजही इथल्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळला करंज्या-चकल्यांचा फराळ असतो, दारात चांदणीचा कंदील असतो आणि रात्री टाळ-ढोलकीवर भजन असतं.

जागा करणं म्हणजे काय, हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं पंडिता रमाबाईंनी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, इतक्या जणींना तिथे ठेवणं शक्य नव्हतं. दौंडजवळ केडगावला त्यांची शेतजमीन होती, तिथे सोय केली. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सुमारे २००० जणी होत्या. 'जागा नाही' म्हणायला त्यांच्याकडे सबळ कारण होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

आता आपल्या गावाबद्दल. नाताळ येतो तो ऐन गाळप हंगामात. कारखान्याच्या रस्त्याला ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्यात. बातमीसाठी मी दरवर्षी तिकडे जातो. अंथरायला पाचट, शेजारी बैल, बैलांसमोर वाढं आणि बैलगाडीला बांधलेल्या झोळीत झोपलेलं तान्हं बाळ. दिवस भरत आलेली बाई पहाटे कोयता घेऊन फडात जाते. तपासणीचं कार्ड गावाकडे राहिलं, इथे नोंद नाही, म्हणून ती दवाखान्यात जायला कचरते. तोच कागद, तोच प्रवास, तोच गोठा. बेथलेहेमचा देखावा बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

मग करायचं काय? केक आणा, पोरांना टोप्या घ्या, त्यात काही वाईट नाही. पण या आठवड्यात एकदा त्या कोप्यांवर जाऊन या. फराळाचा डबा आणि चार स्वेटर न्याच. त्याहून महत्त्वाचं, कोणी बाई गरोदर असेल तर तिची नोंद झाली का ते आशाताईंना विचारा. सहा ते चौदा वर्षांची पोरं दिसली तर जवळच्या शाळेत त्यांना बसवून घेतात का, ते मुख्याध्यापकांना विचारा. ग्रामपंचायतीने कोप्यांपर्यंत पाण्याचा टँकर पाठवला का, ते सदस्यांना विचारा. आपण विचारायला लागलो की यंत्रणा थोडी तरी हलते, हा माझा वीसेक वर्षांचा अनुभव आहे.

ही माणसं पाच-सहा महिने आपल्यातच राहतात, तरी आपण त्यांना गावात धरत नाही. थोडं सरकलो तर जागा होते.

सर्व ख्रिस्ती बंधू-भगिनींना नाताळच्या मनापासून शुभेच्छा. आणि कोप्यांवर जाऊन आलात तर काय दिसलं ते जरूर कळवा, पुढची बातमी त्यावरच करू.