टिळकांनी मिशन सोडलं तेव्हा

परवा एक जुना मित्र भेटला. बारा वर्षं मंडळीचा पाळक होता. गेल्या वर्षी राजीनामा दिला, आता झेरॉक्सचं दुकान चालवतो. चहा घेताना म्हणाला, "अर्धे लोक झेरॉक्सला येतच नाहीत रे. माझा विश्वास शिल्लक आहे का, ते बघायला येतात."

मला नगरचे टिळक आठवले. लोकमान्य नव्हे, रेव्हरंड नारायण वामन टिळक, शाळेत आपण ज्यांच्या कविता पाठ केल्या ते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी नातलग तुटले, लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं दूर राहिल्या. पुढची वीसेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनचं काम: उपदेश, शिकवणं, कीर्तनं, गीतं, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचं संपादन. एवढं सगळं पणाला लावून ज्या घरात आले, तेच घर त्यांनी १९१७ साली सोडलं. मिशनचा पगार बंद केला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो, ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणाऱ्याला तिथं जागा होती. वय पंचावन्नच्या पुढं, घरात बायको-मुलं. हाती आलेला पैसा टिळक घरापर्यंत पोचू देतीलच याची खात्री नसे, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको!

पाश्चात्त्य वळणाचा, पगारी प्रचारकांच्या जोरावर चालणारा धर्म इथल्या मातीत रुजणार नाही, असं त्यांना वाटत होतं. ख्रिस्तावर राग नव्हता, संस्थेशी जमेना. ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण बाहेरच्याला एकच दिसतं. दरबार काही फार टिकला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते पुढं लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

हे सगळं मी मित्राला मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टिळकांना नवी हाक आली होती. मला फक्त झोप हवी होती."

माझं तोंड बंद झालं. रात्री दोनला दवाखान्यातून फोन, पहाटे मयत, दुपारी लग्न, संध्याकाळी कमिटीची भांडणं. बारा वर्षांत सलग पंधरा दिवस रजा नाही. "दुसऱ्यांसाठी तासभर प्रार्थना करायचो, स्वतःसाठी बसलो की शब्द फुटायचा नाही. अजून फुटत नाही. पण देव नाही, असंही म्हणवत नाही."

मंडळीनं निरोप समारंभ केला, शाल-नारळ दिला. नवा पाळक आलाय, तरुण आहे, रात्री-अपरात्री फोन घेतो. त्याची रजा ठरवून दिली आहे का, हे कमिटीतल्या माझ्या मित्रांनी सांगावं. कमेंटमध्ये नको, फोन करा.

आणि त्या दुकानात जाल तर झेरॉक्स काढा, पैसे द्या, पावसाबद्दल बोला.